चाल आणि चित्त

म्हातारपण हे दुसरे बालपण होय, असे आपल्याकडे नेहमी म्हटले जाते. या वाक्यात प्रेम आहे यात शंका नाही. पण त्याच्या आडोशास एक प्रकारचा निष्काळजीपणाही लपून बसतो. आजोबांचे पाऊल अडखळू लागले, की आपण म्हणतो, "वय झाले." आजीबाईंस सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारी आठवेनाशी झाली, की पुन्हा तेच, "वय झाले." एवढे म्हटले म्हणजे विचार करण्याचे कारण उरत नाही आणि डॉक्टरांकडे जाण्याचेही उरत नाही. परंतु वय हे काही रोगाचे नाव नव्हे. सत्तरी ओलांडलेले कित्येक शेतकरी आपल्या मावळात लोहगडाच्या किंवा विसापूरच्या पायथ्याची चढण आजही न थांबता चढतात. आणि त्यांच्याच वयाचे दुसरे गृहस्थ सोप्यातून अंगणात येताना भिंतीचा आधार शोधतात. दोघांचे वय एकच आहे. तेव्हा जो फरक दिसतो, त्याचे कारण वयाहून निराळे काहीतरी असले पाहिजे, हे उघड आहे.

हा फरक मोजता येईल काय? आणि मोजलाच, तर त्या आकड्यावर विश्वास कितपत ठेवावा? या प्रश्नांची उत्तरे शोधणारे एक शास्त्र गेल्या पन्नास वर्षांत वाढीस लागले आहे. रुग्णाची चालण्याची शक्ती आणि त्याची बुद्धिशक्ती, म्हणजे स्मरण, अवधान, भाषा व विचार, ही दोन्ही साध्या साधनांनी कशी पारखावी, हा त्याचा विषय. विद्यार्थ्यांस त्यात थोडे गणित सापडेल व पालकांस घरातील वडील माणसांकडे पाहण्याची नवी दृष्टी लाभेल, या हेतूने त्याची ओळख येथे करून देत आहे.

प्रथम, मोजावेच कशासाठी? रुग्णास "कसे काय आहे?" असे विचारले तर तो "बरे आहे" म्हणतो. या "बरे आहे"चा अर्थ माणसागणिक बदलतो. एखादा सोशिक मनुष्य गुडघ्याच्या वेदना गिळूनही तेच म्हणेल, आणि एखादा भित्रा मनुष्य काहीही झालेले नसता "माझे काही खरे नाही" असे सांगेल. शिवाय आजचे "बरे" आणि सहा महिन्यांनंतरचे "बरे" यांची तुलना करण्यास काही साधन नाही. मोजमाप केले म्हणजे तुलना करता येते. लोणावळ्याच्या रहिवाशांस ही गोष्ट नवी वाटू नये. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, याविषयी केवळ श्रद्धेने न बोलता, क्ष-किरणांची चित्रे घेऊन आणि दाब मोजणारी यंत्रे लावून त्यांनी तो तपासला. अनुभव खरा असला तरी तो मोजून दाखवावा, ही शिस्त आपल्या गावाने शंभर वर्षांपूर्वीच पाहिलेली आहे.

आता चालण्याच्या परीक्षा पाहू. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध परीक्षा इतकी साधी आहे, की तीस एक हात असलेली खुर्ची, तीन मीटर मोकळी जमीन आणि एक घड्याळ यांपलीकडे काही लागत नाही. रुग्णाने खुर्चीतून उठावे, तीन मीटर चालत जावे, वळावे, परत यावे आणि पुन्हा बसावे. यास किती सेकंद लागले, ते नोंदवायचे. पॉडसियाड्लो आणि रिचर्डसन या दोघींनी १९९१ साली कॅनडातील साठ वृद्ध रुग्णांवर हिचा अभ्यास करून ती प्रसिद्ध केली. 'टाइम्ड अप अँड गो' या नावाने ती जगभर चालते. वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. पण विचार करा. उठण्यास मांड्यांचे बळ लागते, पहिले पाऊल टाकण्यास निश्चय लागतो, वळण्यास तोल लागतो, आणि पाठीमागे खुर्ची कोठे आहे हे न पाहता बसण्यास जागेचे भान लागते. एवढ्या निरनिराळ्या शक्तींची पारख एका लहानशा फेरीत होते. ज्यांस वीस सेकंदांच्या आत ही फेरी पुरी करता येते, ते बहुधा आपली कामे आपण करू शकतात. आणि ज्यांस तीस सेकंदांहून अधिक लागतात, त्यांस बहुतेक कामांत दुसऱ्याची मदत घ्यावी लागते, असे त्या अभ्यासात दिसून आले. सांप्रत पुष्कळ डॉक्टर बारा सेकंदांपासूनच सावध होतात, कारण तेथून पुढे पडण्याचा धोका वाढतो.

दुसरी परीक्षा वेगाची. चार मीटर अंतर नेहमीच्या चालीने चालावयास सांगतात आणि लागलेल्या सेकंदांनी अंतरास भागतात. विद्यार्थ्यांनी हे उदाहरण सोडवून पाहावे: चार मीटर चालण्यास चार सेकंद लागले, तर वेग सेकंदास एक मीटर; पाच सेकंद लागले, तर ०.८ मीटर, आठ सेकंद लागले, तर अवघा अर्धा मीटर. हा आकडा कोरडा वाटला, तर तो रस्त्यावर नेऊन पाहावा. बाजारातील एखादा हमरस्ता बारा मीटर रुंद आहे असे धरू. पहिला मनुष्य तो बारा सेकंदांत ओलांडील. तिसऱ्यास चोवीस सेकंद लागतील. तेवढ्या वेळात उतारावरून येणारी मोटार किती अंतर कापते, याचा हिशेब मुलांनी स्वतःच करावा. अमेरिकेतील स्टुडेन्स्की व त्यांचे सहकारी यांनी २०११ साली नऊ निरनिराळ्या अभ्यासांतील ३४,४८५ वृद्धांची माहिती एकत्र केली, तेव्हा असे आढळले की ज्यांची सहज चाल जलद, त्यांचे पुढील आयुष्यही सरासरीने अधिक.

येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे, तो आधीच दूर केला पाहिजे. जलद चालल्याने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ नव्हे. तापमापकातील पारा ताप दाखवितो. परंतु पारा थंड पाण्यात बुडवून खाली आणला म्हणून रोग्याचा ताप उतरत नाही. चालीचा वेगही तसाच आहे. हृदय, फुप्फुसे, स्नायू, सांधे, डोळे, मज्जातंतू आणि मेंदू ही सर्व नीट काम करीत असली, तर चाल आपोआप मोकळी असते. यांपैकी एकही बिघडले, तर ती मंदावते. म्हणून आजोबांस "भरभर चला" असे म्हणून घाई करणे हे शहाणपणाचे नव्हे. ते का मंदावले, हे शोधणे शहाणपणाचे आहे. हृदयाच्या व फुप्फुसांच्या रुग्णांसाठी सहा मिनिटे चालण्याची आणखी एक परीक्षा आहे. तीस मीटर लांबीच्या सपाट वाटेवर रुग्ण सहा मिनिटांत एकंदर किती अंतर चालतो, ते मोजतात. दम लागल्यास त्यास मध्ये थांबण्याची मुभा असते. तिचे नियम अमेरिकेतील छातीच्या रोगांच्या डॉक्टरांच्या संस्थेने २००२ साली ठरवून दिले आहेत.

बुद्धीची परीक्षा याहून नाजूक आहे. १९७५ साली मार्शल फोल्स्टीन, सुसान फोल्स्टीन आणि पॉल मॅक्‌ह्यू या अमेरिकन डॉक्टरांनी तीस गुणांची एक लहान प्रश्नावली तयार केली. आज वार कोणता, तारीख कोणती, आपण कोठे आहोत, असे प्रश्न तीत आहेत. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने ते पुन्हा विचारतात. शंभरातून सात, पुन्हा सात, असे वजा करीत जाण्यास सांगतात. घड्याळ व पेन्सिल दाखवून त्यांची नावे विचारतात. कागदावरील सूचना वाचून तसे करावयास, एक वाक्य लिहावयास आणि एक आकृती पाहून काढावयास सांगतात. पाच-दहा मिनिटांत हे सर्व होते. चोवीसांपेक्षा कमी गुण पडले, तर स्मृतिभ्रंशाची शंका घ्यावी, असा संकेत पुढे रूढ झाला. स्मृतिभ्रंश म्हणजे क्वचित चष्मा विसरणे नव्हे. ज्यामुळे स्मरण व विचार हळूहळू ढासळून रोजचे व्यवहारही स्वतःचे स्वतः करता येईनासे होतात, अशी ती मेंदूची व्याधी आहे.

आता सुज्ञ वाचकांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असेल. जिने शाळेचे तोंडही पाहिले नाही, त्या आजीबाईंनी शंभरातून सात कसे वजा करावेत? वाक्य कसे लिहावे? हा प्रश्न खुद्द अमेरिकेतच उभा राहिला. तेथे १८,०५६ प्रौढ माणसांचे गुण १९९३ साली तपासून प्रसिद्ध करण्यात आले. ज्यांचे शिक्षण नऊ वर्षे वा अधिक झाले होते, त्यांतील मधल्या माणसास २९ गुण होते. पाच ते आठ वर्षे शिकलेल्यांत २६. आणि चार वर्षांपर्यंतच शिकलेल्यांत अवघे २२. म्हणजे चोवीसांची रेघ सर्वांस सारखीच लावली, तर अल्पशिक्षित माणसांतील अर्ध्याहून अधिक लोक, त्यांच्या बुद्धीस काहीही झालेले नसता, संशयाच्या पंक्तीत बसतील! हा दोष त्यांचा नव्हे, मापाचा आहे. आखूड गजाने कापड मोजले, तर ठाण लांब भरते, आणि लांब गजाने मोजले तर ते अपुरे पडते. ठाण मात्र होते तेवढेच असते.

या अडचणीवर आपल्या देशात एक मोठा सुंदर उपाय निघाला. हरियानातील बल्लभगड भागातील अठ्ठावीस खेड्यांत ५५ वर्षांवरील ५,१२६ माणसांची पाहणी भारतीय व अमेरिकन संशोधकांनी मिळून केली. त्यांतील जवळजवळ तीन चतुर्थांश लोक निरक्षर होते. तेव्हा मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ प्रश्नावलीचे नुसते भाषांतर न करता ती त्या माणसांच्या जीवनास जुळेल अशी नव्याने घडविली, आणि १९९५ साली प्रसिद्ध केली. वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलट्या क्रमाने म्हणावयास सांगितले. "डोळे मिटा" असे लिहिलेला कागद वाचण्याऐवजी, परीक्षकाने स्वतः डोळे मिटावे आणि "मी करतो तसे करा" असे सांगावे, अशी योजना केली. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी एखादे वाक्य बोलून दाखवावे, असे ठरविले. अवधान, आज्ञापालन आणि वाक्यरचना या ज्या शक्ती पारखावयाच्या होत्या, त्याच पारखल्या गेल्या; पण पाटी-पेन्सिलीचा अडसर दूर झाला.

मला या गोष्टीत शास्त्राची खरी थोरवी दिसते. ज्या बाईस रविवारपासून उलटे वार म्हणता येतात, पेरणीचे बी किती लागेल हे तोंडी सांगता येते, भावकीतील चार पिढ्यांची नाती बोटांवर मोजता येतात, तिला इंग्रजी महिन्याची तारीख ठाऊक नसली म्हणून ती मंदबुद्धी ठरत नाही. आपल्या मावळातील वृद्धांस तारखेपेक्षा तिथी, आणि महिन्यापेक्षा भातलावणी, कापणी किंवा आठवड्याच्या बाजाराचा वार अधिक जवळचा असतो. आणि याच्या उलटही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फार शिकलेला मनुष्य आपल्या जुन्या विद्येच्या बळावर तीसपैकी अठ्ठावीस गुण मिळवून जातो. पण घरच्या मंडळींस मात्र दिसत असते, की तो आता पैशांच्या व्यवहारात घोटाळे करतो आणि ओळखीच्या वाटेवर चुकतो. म्हणून चांगला डॉक्टर गुणांबरोबर घरच्यांची हकीकतही ऐकतो. तो आधी हेही पाहतो, की रुग्णास ऐकू नीट येते काय, चष्मा लागलेला आहे काय, त्याची झोप झाली आहे काय, आणि अलीकडे घरात काही दुःखाचा प्रसंग घडला आहे काय. कारण खोल उदासीनतेतही मनुष्य विसराळू व मंद दिसतो, आणि ती उदासीनता उपचाराने बरी होते.

येथवर आपण पायांची परीक्षा वेगळी आणि बुद्धीची परीक्षा वेगळी पाहिली. परंतु अलीकडील संशोधनाचा खरा शोध असा आहे, की या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. चालणे हे पायांचे काम आहे असे आपण समजतो. वस्तुतः ते पायांकडून करवून घेतलेले मेंदूचे काम आहे. कोठे जावयाचे व कोणती वाट धरावयाची, हे मेंदूचा पुढील भाग ठरवितो. तोल सांभाळण्याचे व पावलांची सुसूत्रता राखण्याचे काम मस्तकाच्या मागील बाजूस असलेला लहान मेंदू करतो. मेंदूच्या गाभ्यात पेशींचे काही पुंजके आहेत. शिकून अंगवळणी पडलेली हालचाल विचार न करता चालू ठेवणे, हे त्यांचे काम. डोळे, कान आणि तळपाय यांकडून क्षणोक्षणी बातम्या येतात आणि त्यांप्रमाणे पावले सावरली जातात. निरोगी माणसात हा सर्व कारभार इतका बिनबोभाट चालतो, की चालता चालता तो गप्पा मारतो, हिशेब करतो, रानातील पाखरांकडे पाहतो. परंतु हा कारभार एखाद्या ठिकाणी बिघडला, म्हणजे जे आपोआप होत होते, ते आता लक्ष देऊन करावे लागते. आणि लक्ष हे काही अमर्याद नाही. चालण्यास लागले, तर बोलण्यास उरत नाही; बोलण्यास दिले, तर चालण्यास कमी पडते.

याची फार सोपी व फार बोलकी परीक्षा स्वीडनमधील लुंडिन-ओल्सन यांनी केली. वृद्धनिवासातील ५८ माणसांबरोबर चालताना त्यांनी सहज संभाषण सुरू केले आणि उत्तर देण्यासाठी कोण थांबतो, एवढेच पाहिले. बारा जण थांबले. पुढील सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. १९९७ साली ही हकीकत 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात छापून आली. मात्र जे थांबले नाहीत, त्यांतूनही काही जण पुढे पडलेच. म्हणून केवळ या एका खुणेवर विसंबता येत नाही. तरीही तिच्यामुळे संशोधनास एक नवी दिशा मिळाली. आता रुग्णास आधी नुसते चालावयास सांगतात. मग चालता चालता उलटे आकडे मोजावयास किंवा प्राण्यांची नावे सांगावयास लावतात, आणि दोन वेळच्या वेगांतील अंतर पाहतात. हे अंतर जितके मोठे, तितका मेंदूवरील ताण अधिक.

याच्याही पुढचे पाऊल जो वर्गीस या मज्जाविकारतज्ज्ञांनी न्यूयॉर्क येथे टाकले. ज्यांची चाल वयाच्या मानाने मंद आहे आणि ज्यांस आपली स्मृती कमी झाल्याची जाणीव होत आहे, परंतु ज्यांस स्मृतिभ्रंश झालेला नाही व जे आपले व्यवहार आपण करतात, अशा वृद्धांचा एक वेगळा गट त्यांनी २०१३ साली ओळखून दाखविला. २०१४ साली सतरा देशांतील २६,८०२ वृद्धांची माहिती त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. तीत जवळजवळ दर दहांत एक मनुष्य या गटात मोडला. अशा माणसांस पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांहून अधिक असतो. वर्गीस यांच्या अभ्यासाची एक शाखा आपल्याच देशात, केरळातील कोझिकोड येथे चालली. या शोधाचे महत्त्व असे, की हा धोका ओळखण्यास महागडे यंत्र लागत नाही. खेड्यातील लहान दवाखान्यातही चार मीटर जमीन आणि एक घड्याळ असतेच.

हे सर्व दूरदेशीचे आहे, असेही समजण्याचे कारण नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील वढू व आसपासच्या गावांत, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे संशोधन केंद्र घरोघर जाऊन आरोग्याची नोंद ठेवीत आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्यविषयक अभ्यासात या गावांतील पन्नास वर्षांवरील पाच हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांस त्यांच्या प्रकृतीविषयी विचारण्यात आले. पुढे असे दिसून आले, की ज्यांनी आपली प्रकृती वाईट आहे असे सांगितले होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण नंतरच्या काळात खरोखरच अधिक होते. म्हणजे आपल्या वृद्धांचे गाऱ्हाणे हे बहुतेक वेळा कुरकुर नसते; ती खबर असते. त्याच अभ्यासाच्या देशव्यापी पाहणीत, जीत महाराष्ट्रही होता, चार मीटर चालण्याचा वेळ, शब्दांचे स्मरण आणि आकडे सुलट व उलट म्हणणे या परीक्षाही होत्या. पुढे २०१७ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने सुरू केलेल्या मोठ्या पाहणीत देशभरातील ४५ वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक माणसे तपासण्यात आली. त्यांतील साठ वर्षांवरील काहींच्या बारकाईने केलेल्या परीक्षेवरून, आपल्या देशात त्या वयाच्या शंभर माणसांमागे सुमारे सात जणांस, म्हणजे एकंदर सुमारे ८८ लाख लोकांस, स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला.

इतका सर्व खटाटोप करून उपयोग काय, असे कोणी विचारील. "म्हातारपणास औषध नाही," असेही म्हणेल. यास उत्तर असे, की पुष्कळदा जे म्हातारपण वाटते, ते म्हातारपण नसतेच. ब-१२ जीवनसत्त्वाचे उदाहरण घ्या. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. धान्य व भाजीपाल्यात ते नसते. ते फार कमी पडले, म्हणजे पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूस इजा पोहोचते. तळपायांस मुंग्या येतात, पाऊल जमिनीवर कोठे टेकले आहे हे कळेनासे होते, अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. आणि त्याबरोबरच विसराळूपणाही वाढतो. पाहा, चाल आणि चित्त ही दोन्ही एकाच उणिवेने बिघडली! पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुणे शहर व आसपासच्या खेड्यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले, तेव्हा शंभरांत ६७ जणांत या जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी आढळले. ही माहिती २००६ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा हा प्रश्न आपल्या उंबरठ्याशीच आहे. वेळीच ओळखल्यास यावर साधी व स्वस्त इंजेक्शने किंवा गोळ्या पुरतात. फार उशीर झाल्यास मात्र झालेली इजा पुरती भरून येत नाही.

दुसरे उदाहरण मेंदूतील पाण्याचे. मेंदूच्या पोकळ्यांत जो द्रव असतो, तो काही वृद्धांत नीट शोषला न गेल्यामुळे साचत जातो. अशा माणसाची पावले जमिनीस चिकटल्यासारखी होतात, स्मृती मंदावते आणि लघवीवरील ताबा सुटतो. १९६५ साली हाकिम आणि अ‍ॅडम्स यांनी या विकाराचे वर्णन केले. एक बारीक नळी बसवून हा द्रव पोटाच्या पोकळीत वळविला, तर कित्येक रुग्ण पुन्हा नीट चालू लागतात. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर कण्यातून थोडा द्रव काढतात आणि त्याच्या आधी व नंतर चालण्याचा वेळ मोजतात. येथे घड्याळातील सेकंदच ठरवितात, की या रुग्णास शस्त्रक्रियेचा लाभ होईल की नाही. "वय झाले" म्हणून ज्यास खाटेवर टाकले असते, तो मनुष्य पुन्हा अंगणात येतो. यापेक्षा मोजमापाची थोरवी आणखी काय सांगावी?

जे विकार पुरते बरे होत नाहीत, त्यांतही परीक्षेचा उपयोग आहे. कंपवाताचे वर्णन जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली लंडनमध्ये केले. त्यांनी वर्णिलेल्या सहा रुग्णांपैकी काही तर त्यांस रस्त्यातच भेटले होते. केवळ चाल पाहून त्यांनी रोग ओळखला! या रोगात आपोआप चालण्याची शक्ती उणावते व पाऊल मध्येच खिळते. परंतु जमिनीवर आडव्या रेघा आखल्या किंवा कानावर ठेका पडत राहिला, तर तेच पाऊल पुन्हा सुटते, असे मोजमापांनी सिद्ध झाले आहे. पालखीच्या वाटेवर टाळमृदंगाच्या नादात थकलेली पावले कशी उचलली जातात, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस ताल आणि पाऊल यांच्या सख्याचे नवल वाटणार नाही. पुण्यात कंपवाताच्या रुग्णांचे व त्यांच्या आप्तांचे 'पार्किन्सन्स मित्रमंडळ' आहे. आणि नर्तक हृषीकेश पवार यांनी तेथील रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालविला आहे.

आता घरच्या कर्तव्याविषयी थोडेसे. विद्यार्थ्यांनी घड्याळ घेऊन आजीआजोबांची परीक्षा घेत सुटू नये. रोगनिदान हे डॉक्टरांचे काम आहे, आणि घरच्या वडील माणसांस परीक्षेस बसविणे हे शोभतही नाही. पण पाहणे हे सर्वांचे काम आहे. चाल पूर्वीपेक्षा मंदावली काय? बोलण्यासाठी ते वाटेत थांबू लागले काय? वर्षात एकदा तरी पडले काय? ओळखीची कामे चुकू लागली काय? यांपैकी काही आढळल्यास ते केव्हापासून आढळते, हे लिहून ठेवावे आणि डॉक्टरांस सांगावे. एकाएकी तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हातपाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर मात्र कसलीही वाट न पाहता त्याच घटकेस मोठ्या रुग्णालयात न्यावे. कारण पक्षाघातातील रक्ताची गुठळी विरघळविण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

आणखी एक. आपल्याकडे पावसाळ्यात फरशीवर व अंगणातील दगडांवर शेवाळ धरते. तेथे खरवडून घ्यावे, न्हाणीघरात धरण्यास दांडी बसवावी, रात्री उंबऱ्यापाशी दिवा ठेवावा, पायांत सैल चपला देऊ नयेत. आणि आजोबा रस्ता ओलांडीत असता किंवा जिना उतरत असता त्यांस मागून हाक मारून काही विचारू नये. ते पलीकडे पोहोचेपर्यंत थांबावे, मग बोलावे. लुंडिन-ओल्सन यांच्या शोधाचे तात्पर्य आचरणात आणावयाचे, ते एवढेच. यास पैसा लागत नाही, थोडा धीर लागतो.

मोजमाप हे न्यायाधीश नव्हे, साक्षीदार आहे. तीसपैकी बावीस हा आकडा कोणाचीही किंमत ठरवीत नाही. "येथे काहीतरी विचारण्यासारखे आहे" एवढेच तो सांगतो. पुढे विचारणे, शोधणे आणि जे सुधारता येण्यासारखे आहे ते सुधारणे, हे आपणा मंडळींकडे राहते. ज्यांचे बोट धरून आपण चालावयास शिकलो, त्यांच्या पावलांकडे आता आपण लक्ष दिले, तर "वय झाले" या दोन शब्दांआड दडलेली कित्येक दुखणी वेळीच उजेडात येतील.